अंडं न फोडता आत तलंग आहे की कोंबडा, हे कळतं का?

तुम्ही विचारलंय की घरच्या इनक्युबेटरमध्ये निम्मी पिल्लं नर निघतात. व्हिडिओत दाखवतात तसं टॉर्च लावून अंड्यातच नर-मादी ओळखता येतं का, आणि तसं यंत्र मिळतं का.

टॉर्चने कळत नाही. मी स्वतः यात पैसे घालवले आहेत. एका विक्रेत्याने खास टॉर्च म्हणून विकली आणि उबवणीच्या सातव्या दिवशी शिरांची जाळी बघून नर ओळखा असं सांगितलं. मी खुणा करून अंडी दोन ट्रेमध्ये ठेवली, पिल्लं मोठी होईपर्यंत वेगळी वाढवली. दोन्हीकडे कोंबडे आणि तलंगा जवळपास सारख्याच निघाल्या. टोकदार अंड्यात कोंबडा, गोल अंड्यात तलंग हे आमच्या आजीचं म्हणणंही ताडून पाहिलं, जुळलं नाही. जुळणारही नव्हतं. कोंबड्यांमध्ये नराकडे दोन झेड गुणसूत्रं असतात, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे पिल्लाचं लिंग आईच्या बीजातच ठरून जातं. अंड्याला आकार येतो तो त्यानंतर, अंडनलिकेत.

पण कवचाला धक्का न लावता लिंग ओळखणारी यंत्रं खरोखर आहेत आणि युरोपात रोज चालतात. त्यांच्या दोन पद्धती मला फार विलक्षण वाटतात.

पहिली प्रकाशाची. जर्मनीतल्या एएटी कंपनीचं 'चेगी' हे यंत्र तेराव्या दिवशी अंड्यातून तीव्र प्रकाश सोडतं आणि पलीकडे आलेल्या प्रकाशाचे रंग बारकाईने मोजतं. तपकिरी अंडी देणाऱ्या लेअर (म्हणजे अंड्यांसाठी पाळायच्या) जातींचा संकर असा असतो की नर पिल्लू पांढरट आणि मादी तांबूस निघते, कारण रंगाचं ते जनुक झेड गुणसूत्रावर आहे. तेराव्या दिवसापर्यंत कोवळी पिसं आलेली असतात, त्यामुळे त्यांचा रंग कवचातूनच टिपता येतो. अडचण अशी की पांढरी अंडी देणाऱ्या पांढऱ्या लेगहॉर्न प्रकारात नर-मादी दोघंही पांढरेच, तिथे ही युक्ती चालत नाही. आपल्याकडच्या मोठ्या लेअर फार्मवर बहुतेक पांढऱ्या अंड्याच्याच कोंबड्या आहेत, हे लक्षात घ्या.

दुसरी पद्धत एमआरआयची. म्युनिकच्या ऑर्बेम कंपनीने दवाखान्यातल्या एमआरआयचं तत्त्व अंड्यांच्या ट्रेसाठी वापरलं. बाराव्या दिवशी गर्भाची प्रतिमा घ्यायची आणि नर की मादी हे संगणकाने ठरवायचं. कवचाचा रंग, पिसाचा रंग, कशाचाच प्रश्न येत नाही. बाकी काही पद्धतींत लेझरने कवचाला बारीक छिद्र पाडून थेंबभर द्रव काढतात आणि त्यातलं संप्रेरक तपासतात. त्याही कामाच्या आहेत, पण तुम्ही विचारलं तसं 'न टोचता' नव्हे.

हा खटाटोप कशासाठी, तेही सांगायला हवं. लेअर जातीचा नर अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं अंगही धरत नाही, म्हणून एक दिवसाचा असतानाच त्याला मारतात. जगभरात दरवर्षी अशी काही अब्ज पिल्लं जातात. मी एका हॅचरीत हे पाहिलं आहे. निवडणारे हात इतके झरझर चालत होते की माझी नजर मागे पडत होती, आणि नरांच्या क्रेटमधली पिल्लं इतर पिल्लांसारखीच चिवचिवत होती. आठवडी बाजारात मुलांसाठी रंगवून विकतात ती पिल्लंही बहुतेक हीच. 'गर्भलिंगनिदान' हा शब्द आपल्याकडे उच्चारताना जड जातो, का ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे मात्र मला त्या यंत्राबद्दल आदर वाटतो, कारण जिवंत पिल्लू क्रेटमध्ये पडण्याआधीच उबवण थांबवता येते.

जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली, पाठोपाठ फ्रान्सनेही. मग अंड्यातला गर्भ कधीपासून वेदना जाणतो हा प्रश्न आला. म्युनिकच्या संशोधकांना गर्भाच्या मेंदूत विद्युत हालचाल तेराव्या दिवसापासून आढळली. त्यावरून जर्मनीत २०२४ पासून तेराव्या दिवशी आणि पुढे उबवण थांबवायला मनाई आहे. म्हणजे चेगीचं वेळापत्रक आता त्यांच्याच देशाच्या नियमात बसत नाही! अमेरिकेत मात्र २०२४ च्या अखेरीस ते आयोवातल्या हॅचरीत सुरू झालं. तेरावा की बारावा या एका दिवसावर अख्खं तंत्र मागे पडू शकतं, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

आता तुमचं. ही यंत्रं तासाला हजारो अंडी तपासणाऱ्या हॅचरींसाठी आहेत, घरच्या इनक्युबेटरला जोडायचं असं काही मिळत नाही. मिळतं म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. शिवाय गावरान कोंबड्याला मागणी असते, चांगला भाव येतो, त्यामुळे तुमचा नर लेअरच्या नरासारखा टाकाऊ नाही.

पहिल्या दिवशीच ओळखायचं असेल तर जोडी निवडा. र्‍होड आयलंड रेडचा कोंबडा आणि पट्टेरी प्लायमाउथ रॉकची कोंबडी ठेवलीत, तर पिल्लं काळी निघतात आणि नराच्या डोक्यावर पांढरट ठिपका असतो. उलटी जोडी चालणार नाही, पट्टे आईकडेच हवेत. मिश्र गावरानात पाच-सहा आठवडे थांबा. कोंबड्याचा तुरा लवकर वाढतो आणि लाल होतो.

टॉर्च घेऊन ठेवली असेल तर सातव्या दिवशी वांझ अंडी बाजूला काढायला वापरा, त्या कामाला ती चांगली आहे.