घोडेवाल्यांसाठी संस्था काढताय? आधी नालबंद शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डोंगरावरच्या गावात साठ-सत्तर घोडेवाले आहेत, तुम्ही काही मित्रांनी मिळून संस्था काढली आहे, हाताशी थोडे पैसे आहेत, आणि ते प्रशिक्षण, अनुदान आणि घोड्यांच्या वाटा या तिन्हींवर कसे लावावेत. उत्तर चार ओळींत देता आलं असतं. पण तुम्ही प्रशिक्षण सगळ्यात आधी लिहिलंत आणि पुढे ‘दोन दिवसांची कार्यशाळा’ असंही टाकलंत. ते वाचून राहवलं नाही.

मी नालबंदाचा मुलगा. अब्बांनी माथेरानला चाळीस वर्षं घोड्यांना नाल मारले. माथेरान तुम्हाला माहीत असेलच. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात, पुढे पायी, मिनी ट्रेननं नाहीतर घोड्यावरून. परवान्याचे घोडे ४६० च्या आसपास, म्हणजे खूर झाले १,८४०. दर पाच-सहा आठवड्यांनी त्यातला एकेक खूर मांडीवर घ्यायचा, जुना नाल उपटायचा, वाढलेलं तासायचं, नवा बसवायचा. अब्बांच्या वेळी हे नीट करणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजून वर बोटं उरायची.

दहा-बारा वर्षांपूर्वी शहरातली एक संस्था आली. नाव सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांची कार्यशाळा ठेवली. हॉलमध्ये घोडा अर्थातच नव्हता, गालिचा होता. पडद्यावर एका भल्यामोठ्या शर्यतीच्या घोड्याचा खूर दाखवत होते. अब्बांनी हात वर करून विचारलं, टाच बसकी असलेल्या तट्टाला मागून किती तासायचं? ‘प्रश्न शेवटी घेऊ.’ शेवटी जेवण होतं. त्यानंतर प्रमाणपत्रं, फोटो, आणि प्रत्येकाला एक पिशवी. पिशवीत तयार नालांचा संच.

अब्बांनी घरी येऊन एक नाल ओट्यावर ठेवला, त्याच्या आत स्वतःचा पंजा ठेवला. चारी बाजूंनी जागा उरली. म्हणाले, ‘हा घोड्याला नाही लागणार, दाराला लागेल.’

आता इथून पुढचं जरा घरगुती आहे. माझा मोठा चुलत भाऊ, आम्ही त्याला भाईच म्हणतो, अब्बांच्याच हाताखाली पाचेक महिने बसला होता. त्याला त्या कार्यशाळेतून ‘मास्टर ट्रेनर’ केलं. बोलायला चांगला, फोटोत चांगला. तयार नालांची पुढची खेपही त्याच्याच मार्फत आली. खुराच्या मापाचा नाल घडवायला भट्टी लागते, वेळ लागतो. भाई मोठा नाल तसाच ठोकायचा आणि टाचेकडे जास्तीचं लोखंड बाहेर राहू द्यायचा. अब्बा बोलले तर म्हणायचा, ‘चाचा, तुमचं जुनं झालं.’

खिळा कसा मारतात ते कधी जवळून पाहिलंय का? खुराच्या तळाला, भिंत आणि तळवा जिथे जुळतात तिथे एक फिकट रेघ असते. खिळा त्या रेघेच्या बाहेरच्या अंगानं वर जायला हवा आणि भिंतीतून बोटभर वर बाहेर यायला हवा. आत गेला तर घोडा लंगडा. पण नालबंद हे डोळ्यानं कमी आणि कानानं जास्त करतो. टणक भिंतीत जाणाऱ्या खिळ्याचा आवाज खणखणीत येतो. आवाज बसका झाला की हात थांबवायचा, खिळा उपसायचा. अब्बा मला समोर बसवून डोळे मिटायला लावायचे आणि विचारायचे, ‘कुठे गेला?’ हे पडद्यावर कसं शिकवणार?

त्या जुलैमध्ये आमच्या शेजाऱ्यांची घोडी, बुलबुल, शार्लोट तलावाकडे उतरणाऱ्या वाटेवर घसरली. मागचा पाय पुढच्या नालाच्या बाहेर आलेल्या टोकावर पडला आणि नाल उपटून आला, सोबत खुराच्या भिंतीचा दोन बोटं रुंद तुकडा घेऊन. वर तोच नाल उलटा पडला होता आणि तिचा पाय त्याच्यावरच आला. एक खिळा पुतळीच्या कडेला, म्हणजे तळव्याच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाशेजारी, आत घुसला. रक्त फार नव्हतं. तेच वाईट असतं, जखम वरून मिटते आणि आत धरते. घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो. मी दस्तुरीवरून शेवटची टॅक्सी पकडून नेरळला उतरलो, डॉक्टरांना फोन लावून इंजेक्शन कोणतं ते विचारलं आणि ते घेऊन रात्री वर आलो. अब्बांनी तोवर खिळ्याचं भोक खालून मोकळं करून पू बाहेर यायला वाट केली होती आणि तिचा पाय मिठाच्या कोमट पाण्याच्या बादलीत धरून बसले होते. घोडी बादलीत पाय ठेवून उभी राहत नाही. अब्बा तिच्या खांद्याला डोकं टेकून बसले होते म्हणून राहिली.

बुलबुल वाचली. पण खूर महिन्याला सेंटीमीटरभरसुद्धा धड वाढत नाही. तो तुकडा भरून नाल धरण्याजोगा व्हायला दिवाळी उलटून गेली. हंगाम गेला. तिच्या मालकानं कर्ज काढून घोडी घेतली होती. पुढचं सांगत नाही.

भाई तेव्हा म्हणाला, दोष नालाचा नाही, वाटेचा आहे. आजही म्हणतो. लग्नकार्यात भेटला की विषय निघतोच.

तर आता तुमचं उत्तर. प्रशिक्षणाचे सगळे पैसे एका ठिकाणी लावा: तुमच्या भागातला चांगला नालबंद शोधा, त्याच्या हाताखाली दोन पोरं ठेवा आणि दोन वर्षं त्या पोरांना महिन्याचा पगार द्या. पोरांना द्या आणि उस्तादालाही द्या, तो फुकट का शिकवेल? बाकी कार्यशाळा, बॅनर, टोप्या काही नको. घोडेवाल्याला खरारा कसा करायचा आणि तंग, म्हणजे खोगिराचा पट्टा, किती आवळायचा हे शिकवायला जाऊ नका, ते त्याला तुमच्यापेक्षा जास्त येतं. शिकवायचंच असेल तर पर्यटकाला शिकवा. ओझ्याच्या जनावरांबद्दल १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. तट्टावर ७० किलो, खेचरावर २०० किलो, दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम बंद. स्वाराचा हिशोब साधारण घोड्याच्या वजनाच्या पाचवा हिस्सा असा धरतात, खोगीर धरून. तीनशे किलोच्या तट्टाला तो साठावर येतो. तुमच्या घोडा स्टँडवर एक वजनकाटा ठेवा आणि वर पाटी लावा. घोडेवाला स्वतः ‘साहेब, तुम्ही जड आहात’ असं म्हणू शकत नाही, त्याचं भाडं जातं. पाटी म्हणू शकते.

अनुदानाचं म्हणाल तर सरकारी योजना आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ पासून घोडे, गाढवं, खेचरं आणि उंट आले. उद्योग उभारायला भांडवली खर्चाच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत. ऐकायला छान. पण उरलेले ५० टक्के कोण देणार? दोन तट्टं आणि भाड्याचा तबेला असलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नाही. ही योजना पैदास केंद्र काढणाऱ्याची आहे. घोडेवाल्याच्या कामाची गोष्ट त्याच निर्णयात खाली आहे: पशुविम्याच्या हप्त्यात मालकाचा वाटा १५ टक्क्यांवर आणला. तुमची संस्था तो १५ टक्के वाटा भरू शकते आणि अर्ज भरून देऊ शकते. अर्ज भरायला माणूस लागतो, तो बसवा. आमच्या इथे निम्मे लोक अर्जाच्या नुसत्या आकाराला घाबरतात.

दुसरं, धनुर्वाताची लस दरवर्षी सगळ्या घोड्यांना. तिसरं, पावसाळ्यात चंदी, म्हणजे घोड्याचा खुराक, उधारीवर: जून ते सप्टेंबर भाडं फारसं नसतं, त्या चार महिन्यांत घोड्याचं पोट खपाटीला जातं आणि दिवाळीला तोच घोडा कामाला जुंपतात. रोख अनुदान वाटू नका असं पूर्वी मी ठासून सांगायचो. आता इतकं ठासून सांगत नाही. बुलबुलच्या मालकाला त्या वेळी रोखच हवे होते. आणि ग्लँडर्ससाठी थोडा निधी बाजूला ठेवा. हा रोग माणसालाही होतो, तपासणीत घोडा सापडला तर त्याला मारावंच लागतं, आणि मालकाला भरपाईचा भरवसा नसेल तर तो आजारी घोडा रात्रीत दुसऱ्या गावाला विकून मोकळा होतो. मग अख्खा तालुका बसतो.

आता वाटा. इथे मला भाईचं थोडं ऐकावं लागणार आहे.

बुलबुल घसरली त्या जागी वाट उताराला सरळ खाली गेली होती. अशी वाट पावसात वाट राहत नाही, ओढा होतो. लाल माती वाहून जाते, झाडांची मुळं उघडी पडतात, खालचा जांभा वर येतो, त्याच्यावर शेवाळ धरतं, आणि त्याच्यावर लोखंडी नाल म्हणजे तेलकट ताटात वाटी. तर हो, वाटेचाही दोष होता. अर्धा. मापाचा नाल असता तर घोडी घसरून सावरली असती, हे माझं म्हणणं मी सोडणार नाही.

पुढच्या मे महिन्यात अब्बांनी ठाकरवाडीतल्या दोघांना घेऊन तिथे तीन चर काढले. वाटेला तिरके, खालच्या अंगाला दगडांची ओळ पक्की रोवलेली, तोंड दरीकडे उघडं. आडवा काटकोनात चर काढला तर त्यात गाळ बसतो आणि दुसऱ्या पावसात तो बुजतो. तिरका स्वतःला धुऊन काढतो. रुंदी इतकीच की घोडा उडी न मारता पाय टाकून जाईल. अर्ध्या दिवसाचं काम, तिघांची मजुरी आणि चहा. दरवर्षी पावसाआधी फावड्यानं उपसावे लागतात, ते मी अजून जाऊन करतो. त्या तीन चरांवर कुणाचं नाव नाही आणि फोटो काढला तर नुसते दगड दिसतात. म्हणूनच कुठली संस्था हे काम घेत नाही.

वाटांवर पेव्हर ब्लॉक टाकायच्या भानगडीत मात्र पडू नका. आमच्या इथला तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट २०२५ च्या निकालात दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतचा मुख्य रस्ता सोडून आतल्या वाटांवर ब्लॉक नकोत असं ठरलं. त्याच निकालात हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. माणसानं माणसाला ओढणं थांबलं तर चांगलंच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ई-रिक्षा वाढल्या की मुख्य रस्त्याचं भाडं घोड्याच्या हातून जाणार आणि त्याच्याकडे आतल्या पॉइंटांच्या वाटाच उरणार. तुमच्याकडेही आज ना उद्या हेच होईल. म्हणून वाटांचं काम पहिल्या वर्षीच घ्या.

एक सांगायचं राहिलं. आम्ही चर खणले तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि बऱ्याच वाटा वनजमिनीतून जातात. तुम्ही लेखी परवानगी घ्या. घोड्याचा खूर माती सैल करतो हे पर्यावरणवाल्यांचं म्हणणंही खोटं नाही, त्यांना बैठकीला बोलवा, म्हणजे नंतर कोर्टात भेटावं लागणार नाही.

आणि तयार नाल मागवणारच असाल तर आधी मापं घ्या. घोड्याचा साफ केलेला खूर पुठ्ठ्यावर टेकवा, पेन्सिलनं भोवती रेघ मारा, पाठीमागे घोड्याचं नाव आणि कोणता पाय ते लिहा. पुढचे आणि मागचे वेगळे काढा, पुढचा खूर गोल असतो, मागचा निमुळता. साठ घोड्यांचे पुठ्ठे एका पिशवीत मावतात. माझा आता नेरळला वेल्डिंगचा व्यवसाय आहे, पण भट्टी ठेवली आहे. पुठ्ठे पाठवलेत तर कोणता नाल चालेल आणि कोणता दाराला लावायचा ते सांगेन.