वाचकांचे प्रश्न : एक ऑर्गन, सहा वादक

प्रश्न : आमच्या ऑर्गनवादक मंडळाला ५० वर्षं होत आहेत. त्यानिमित्त चर्चमधल्या पाइप ऑर्गनवर सहा वादक वाजवतील. सूर आठवडाभर आधी लावून ठेवले तर चालतील का? तालमीला किती वेळ धरावा?

उत्तर : मोठी डागडुजी आठवडाभर आधी उरकून घ्या. सूर मात्र त्याच दिवशी लावा, आणि तेही श्रोते बसल्यावर जितकी ऊब असेल तितक्याच तापमानाला. साध्या (जीभ नसलेल्या) नळ्यांचा सूर दर अंश सेल्सियसला सुमारे ३ सेंट चढतो (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर). २० अंशांना ४४० हर्ट्झवर असलेला स्वर २६ अंशांना ४४४.५च्या आसपास पोहोचतो. रीडच्या नळ्यांचा सूर धातूची जीभ ठरवते, म्हणून त्या फारशा हलत नाहीत आणि दोन्ही एकत्र वाजले की कानाला टोचतात. अशा वेळी साध्या नळ्यांना हात लावू नये, थोड्या असलेल्या रीड त्यांच्याशी जुळवून घ्याव्यात. हाताच्या उबेनेही नळीचा सूर चढतो, तेव्हा हात लावल्यावर ती निवेपर्यंत थांबावं. स्वेल पेटीची (आवाज कमी-जास्त करण्यासाठी काही नळ्या जिच्यात बंद असतात तिची) झडपं उघडी ठेवा, नाहीतर आतल्या नळ्या बाहेरच्यांपेक्षा थंड राहतात. थंडीत इमारत घाईने तापवणं सगळ्यांत वाईट. हवा कोरडी पडते, वायुपेटीच्या (जिच्यावर नळ्या उभ्या असतात आणि जिच्यातून त्यांना हवा मिळते तिच्या) लाकडाला चिरा जातात आणि न दाबलेल्या पट्टीच्या नळ्याही बारीक वाजू लागतात.

तालमीला प्रत्येकाला याच ऑर्गनवर किमान दोन तास द्या. दुसऱ्या ऑर्गनवर ठरवलेली स्टॉपची (एकेक नळीसंच सुरू-बंद करणाऱ्या खुंट्यांची) निवड इथे जशीच्या तशी लागू पडत नाही. स्टॉपच्या जुळण्या साठवणारी मेमरी असेल तर प्रत्येक वादकाला वेगळी पातळी (मेमरीतला कप्पा) ठरवून द्या आणि पातळीचा क्रमांक त्याच्या स्वरलिपीवर लिहून ठेवा. एकाने चुकून दुसऱ्याची पातळी पुसणं हा नेहमीचा घोटाळा आहे. मेमरी नसेल तर दोन्ही बाजूंना स्टॉप ओढणारा एकेक मदतनीस लागेल, आणि तोही तालमीला हवाच. पेडलच्या (पायांनी वाजवायच्या) पट्ट्या ३० आहेत की ३२, हे आधीच कळवा. ३० असतील तर वरचा एफ (F) हा शेवटचा स्वर, त्यापुढे जी (G) मिळणार नाही. बाकाची उंची प्रत्येकाची वेगळी असते. बाकाखालचे ठोकळे मोजून त्यांवर खुणा केल्या की दोन वादकांमधला बदल एका मिनिटात होतो.

प्रश्न : वाजवताना एखादा स्वर अडकून वाजतच राहिला तर?

उत्तर : ती पट्टी चार-पाच वेळा झटकन दाबून सोडा. झडपेत अडकलेला कचरा बहुधा निघून जातो. तरीही थांबला नाही तर एकेक स्टॉप आत ढकला. एकाच स्टॉपने आवाज बंद झाला तर तो न वापरता पुढे चला. त्या मॅन्युअलचे (हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या ओळीचे) सगळेच स्टॉप त्या स्वरावर वाजत असतील तर दोष झडपेत किंवा तिच्यापर्यंतच्या जोडणीत आहे. मग दुसऱ्या मॅन्युअलवर जा आणि बिघडलेलं मॅन्युअल त्याला कपलरने (दोन मॅन्युअल एकत्र वाजवणाऱ्या जोडणीने) जोडू नका. ब्लोअर (ऑर्गनला हवा पुरवणारा पंखा) बंद करणं हा अगदी शेवटचा उपाय.

प्रश्न : कार्यक्रमपत्रिकेत ऑर्गनविषयी काय छापावं?

उत्तर : स्टॉपची पूर्ण यादी, फुटांच्या आकड्यांसह. ८ फूट म्हणजे लिहिलेलाच सूर, १६ म्हणजे एक सप्तक खाली, ४ म्हणजे एक वर, एवढं एका ओळीत सांगा. हा आकडा सुराचा आहे, हेही लिहा : वरून बंद केलेली १६ फुटी नळी प्रत्यक्षात साधारण ८ फूटच लांब असते.