नव्या सनाचे नाणे हाती का लागत नाही?

प्रश्न : वर्षाचे शेवटचे महिने आले, तरी चालू सनाचे एकही नाणे मला सुट्या पैशांत मिळालेले नाही. टांकसाळी तर वर्षभर चालू असतात. मग ही नाणी जातात कुठे? ती मुद्दाम कमी पाडली जातात, की मध्येच कोणी दडवून ठेवते?

उत्तर : दडवून ठेवणारे थोडेबहुत असतात, पण मुख्य कारण ते नव्हे. टांकसाळीतून निघालेले नाणे लगेच लोकांच्या हाती येते, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नाणे पाडले जाणे आणि ते चलनात येणे या दोन घटनांमध्ये बरेच महिने जाऊ शकतात. भारतात नाणी पाडण्याचे काम केंद्र सरकारचे आणि ती वितरित करण्याचे काम रिझर्व्ह बँकेचे. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टांकसाळींतून नाण्यांच्या थैल्या निघतात, त्या बँकांच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीने नोटा-नाणी साठवणाऱ्या कोठारांत, जातात आणि तेथून मागणीप्रमाणे शाखांकडे. या प्रत्येक मुक्कामी आधीची शिल्लक पडून असते. थैलीतली नाणी कोणत्या सनाची आहेत, याच्याशी तेथे काम करणाऱ्याला काहीही कर्तव्य नसते. त्याला मूल्य आणि संख्या यांचा मेळ घालायचा असतो. साहजिकच जी थैली हाताशी असेल ती आधी बाहेर पडते, आणि डिसेंबरात पाडलेले नाणे तर त्या सनात लोकांपर्यंत पोहोचण्याची शक्यता जवळजवळ नसतेच.

याहून महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. नाण्यांची गरज भागवण्याचा पहिला मार्ग नवी नाणी हा नसून परत आलेली जुनी नाणी हा असतो. दुकानदार, वाहतूक संस्था, देवस्थाने यांच्याकडून बँकेत भरणा झालेली नाणी पुन्हा वाटली जातात आणि त्यातूनही जेवढी तूट राहील तेवढ्यापुरती टांकसाळीची गरज लागते. टाकीतली पातळी उतरल्याशिवाय बॉलकॉक पाणी सोडत नाही, तसेच हे आहे. म्हणून ज्या भागात जुनी चिल्लर भरपूर फिरते आहे, तेथे नवे नाणे येण्याचे कारणच उरत नाही.

अमेरिकेचे आकडे या दृष्टीने फार बोलके आहेत. तेथील टांकसाळीनेच दिलेल्या माहितीनुसार २०१९ साली पुरवठ्यात आलेल्या नाण्यांपैकी ८३ टक्के नाणी परत फिरून आलेली होती. नव्याने पाडलेल्यांचा वाटा उरलेल्या १७ टक्क्यांचा. त्याआधी २००८ च्या आर्थिक मंदीत लोकांनी घरातल्या बरण्या आणि गल्ले रिकामे करून नाणी बँकेत नेली. परिणाम असा झाला, की २००८ मध्ये चलनासाठी हजार कोटींहून अधिक नाणी पाडणाऱ्या त्या देशाने २००९ मध्ये साडेतीनशे कोटींच्या आसपासच नाणी पाडली, आणि पाच व दहा सेंटच्या नाण्यांचे काम तर त्या वर्षी काही महिने बंदच होते. आजही २००९ सनाची ही दोन नाणी तेथील सुट्या पैशांत शोधावी लागतात. उलट २०२० च्या साथीत दुकाने बंद झाल्यामुळे नाणी फिरायचीच थांबली. जूनमध्ये फेडरल रिझर्व्हला, म्हणजे तेथील मध्यवर्ती बँकेला, बँकांना मापून नाणी द्यावी लागली आणि टांकसाळीने उत्पादन वाढवून त्या वर्षी चौदाशे कोटींहून अधिक नाणी पाडली. देशात नाणी कमी नव्हती. ती लोकांच्या घरांत निजून होती. जुन्यांनी पाठ फिरवली, तेव्हा नव्यांना वाट मिळाली.

आपल्याकडेही याची झलक दिसली आहे. जानेवारी २०१८ मध्ये चारही टांकसाळींना चलनी नाणी पाडण्याचे काम तात्पुरते थांबवण्यास सांगण्यात आले होते, कारण आधीच्या नाण्यांनी गोदामे भरली होती आणि ती पुरेशा वेगाने उचलली जात नव्हती. ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्ये दोन पौंडांच्या नाण्यांचा साठा उद्दिष्टाच्या सव्वीस पट आणि दोन पेन्सच्या नाण्यांचा आठ पट अधिक असल्याचे तेथील सरकारी लेखापरीक्षणात आढळले आणि ही दोन्ही नाणी पुढची किमान दहा वर्षे पाडण्याचा विचार नसल्याचेही त्याच अहवालात नमूद झाले. अशा मूल्याचे ताज्या सनाचे नाणे शोधणाऱ्याने कितीही सुटे पैसे चाळले तरी काय उपयोग?

आता थोडे गणित पाहू. नाणे साधारण तीस वर्षे टिकते असे मानले आणि दरवर्षी सारखीच नाणी चलनात आली असे धरले, तर कोणत्याही एका सनाचा वाटा तीसपैकी एक, म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या किंचित वर. ती सगळीकडे समान मिसळली असती, तर हाती आलेल्या दहा नाण्यांत त्या सनाचे निदान एक निघण्याची शक्यता सुमारे एकोणतीस टक्के झाली असती. पण हा वाटा वर्ष संपल्यावरचा आहे. वर्षाच्या मध्यावर, त्या सनाची बहुतेक नाणी अजून पाडायची किंवा थैल्यांतच असताना, चलनातला वाटा एक टक्काच असेल, तर तीच शक्यता दहा टक्क्यांच्या आत येते.

शिवाय नाणी समान मिसळत नाहीत. एका थैलीत हजारो नाणी एकाच सनाची, एकाच टांकसाळीची असतात. ती ज्या शाखेत फुटते तिच्या आसपास काही आठवडे नव्या नाण्यांचा सुकाळ होतो आणि शेजारच्या तालुक्यात मात्र एकही दिसत नाही. नोटा दूरवर प्रवास करतात. नाणी बहुधा त्याच बाजारपेठेत फिरत राहतात आणि हळूहळू खणांत, गल्ल्यांत, गाडीच्या कप्प्यात विसावतात. यूपीआय आल्यापासून तर सुट्या पैशांची देवघेवच रोडावली आहे, त्यामुळे पूर्वी जी मिसळ वर्षभरात झाली असती तिला आता बराच अधिक काळ लागणार. संग्राहक आणि व्यापारी फुटलेल्या थैलीतली काही नाणी बाजूला काढतात हे खरे, पण लाखोंच्या संख्येपुढे त्यांचा हात छोटाच म्हणावा लागेल.

प्रश्न : एक आणि दोन रुपयांची लखलखीत नाणी मला अधूनमधून मिळतात. ती नवीच समजावीत का?

उत्तर : चकाकीवर जाऊ नये. ही नाणी बरीच वर्षे फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे ८३ टक्के लोह आणि १७ टक्के क्रोमियमच्या मिश्रधातूची पाडली जात आहेत. क्रोमियममुळे ती गंजत नाहीत आणि फारशी काळवंडतही नाहीत, त्यामुळे दहा वर्षे जुने नाणेही धुऊन पुसले तर ताजे वाटते. पाच रुपयांची निकेल-पितळेची नाणी मात्र लवकर मंद पडतात. नाणे उजेडाकडे तिरपे धरून हळूहळू फिरवा. ठशाखालून नुकत्याच निघालेल्या नाण्यावर प्रकाशाच्या पट्ट्या मध्यापासून कडेकडे फिरताना दिसतात आणि थोड्याच वापरानंतर, उंचवटे घासले गेले की, त्या तुटतात. तरीही अखेरचा निर्णय सनाचाच. सन वाचताना त्याच्या खालची खूणही पाहावी : पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. पूर्ण संच करू इच्छिणाऱ्याला एकाच सनाची चार नाणी हवी असतात ती या खुणांमुळे. अर्थात प्रत्येक टांकसाळ दरवर्षी प्रत्येक मूल्याचे नाणे पाडतेच असे नाही.

प्रश्न : चालू सनाची नाणी दर्शनी मूल्याच्या कितीतरी पट दराने विकणारे आढळतात. ती खरोखरच इतकी दुर्मीळ असतात का?

उत्तर : क्वचितच. हाती न लागणे आणि संख्येने कमी असणे या गोष्टींची येथे गल्लत होते, किंवा केली जाते. जे नाणे कोट्यवधींच्या संख्येने पाडले गेले आहे ते दोन-तीन वर्षांत आपोआप सुट्या पैशांत दिसू लागते आणि चढ्या भावाने घेणाऱ्याचे पैसे बुडतात. घाईच असेल तर बँकेच्या शाखेत नाण्यांची न फोडलेली थैली आली आहे का, याची चौकशी करावी. करन्सी चेस्ट असलेल्या शाखेत हे अधिक जमते. बँका वेळोवेळी नाणी वाटपाचे मेळावेही भरवतात. मे २०२३ मध्ये संसदेच्या नव्या इमारतीनिमित्त काढलेल्या ७५ रुपयांच्या नाण्यासारखी स्मारक नाणी मात्र मुळात चलनासाठी नसतातच. ती संग्राहकांसाठी संचरूपाने, दर्शनी मूल्याहून बऱ्याच अधिक किमतीला विकली जातात, तेव्हा ती सुट्या पैशांत शोधू नयेत.