तिकडच्या सरकारी शाळेत घालू का?

प्रश्न: मिस्टरांची बदली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीला झालीये, मुलगी 5 वर्षांची आहे. तिथल्या सरकारी शाळा कशा चालतात, डोनेशन लागतं का?

उत्तर: ताई, डोनेशन नाही, फीपण नाही, ते टेन्शन आधी काढून टाका. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून भाड्याचं घर फायनल करायच्या आधी त्या पत्त्याला कुठली शाळा येते ते बघाच. अख्ख्या काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) एकच स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा विभाग, साधारण 1,80,000 मुलं, केवढा पसारा! चालवतं कोण, तर लोकांनी निवडून दिलेलं 12 जणांचं स्कूल बोर्ड, तेच सुपरिंटेंडंट, म्हणजे सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमतं, पण बोर्डाला स्वतः टॅक्स लावता येत नाही, बहुतेक पैसा काउंटी देते आणि काउंटीची मोठी कमाई घरपट्टीची, त्यामुळे दरवर्षी बजेटवर जाहीर सुनावणी होते आणि साधे पालक माइकसमोर उभं राहून बोलतात, मला हे फार आवडतं, तुम्हीपण जाऊन बसा एकदा.

30 सप्टेंबरपर्यंत 5 पूर्ण असली की किंडरगार्टन, म्हणजे पहिलीच्या आधीचा वर्ग. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड हँडबॅगेतच ठेवा, घराचं अ‍ॅग्रीमेंट तिथे गेल्यावर लागेल. घरी मराठीच बोला, बिनधास्त, इंग्लिश कच्चं असेल तर शाळा वेगळी मदत देते, तीपण फुकट. शाळा लांब असेल तर पिवळी बस येते. आणि बोलण्यात-शिकण्यात काही अडचण वाटली तर लपवू नका हो, शाळेला लेखी कळवा, 1975 पासून अशा मुलांना शाळेने मदत द्यायचा कायदाच आहे तिथे.