माजी महापौरांच्या हातात काय उरते?

प्रश्न : आमच्या प्रभागाचे नगरसेवक काही वर्षांपूर्वी शहराचे महापौर होते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत ते पुन्हा निवडून आले. चौकात दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या गटाराची तक्रार घेऊन आम्ही गेलो, तेव्हा ‘आता माझ्या हातात काय आहे?’ असे ते म्हणाले. महापौर असताना त्यांच्या हातात नेमके काय होते? आणि महापौरपद भूषवलेल्या माणसाने पुन्हा साधा नगरसेवक होणे ही घसरणच नव्हे काय?
— एक वाचक

उत्तर : गटारापुरते बोलायचे, तर त्यांच्या हातात तेव्हाही फारसे काही नव्हते. मुंबईचा कारभार १८८८ च्या आणि राज्यातील इतर महानगरपालिकांचा १९४९ च्या कायद्याने चालतो. अंमलबजावणीचे अधिकार दोन्ही कायद्यांनी राज्य शासनाने नेमलेल्या आयुक्तांकडे ठेवले आहेत. महापौर सर्व नगरसेवकांच्या महासभेचे अध्यक्षस्थान सांभाळतात, समसमान मते पडल्यास निर्णायक मत देतात, आणि कोणता विषय आज चर्चेला घ्यायचा व कोणता तहकूब ठेवायचा यावर त्यांची पकड असते. पैशाच्या नाड्या मात्र स्थायी समितीकडे असतात. सोळा सदस्यांची (मुंबईत सत्तावीस) ही समिती मोठ्या निविदांना मंजुरी देते आणि आयुक्तांचे अंदाजपत्रकही आधी तिच्यापुढेच येते. म्हणून जाणते नगरसेवक महापौरपदापेक्षा ‘स्थायी’च्या अध्यक्षपदासाठी अधिक आटापिटा करतात. लोकांना महापौरांच्या गाडीवरचा दिवा दिसत असे. ‘स्थायी’च्या दालनात काय ठरले, ते रस्ता खणला जाईपर्यंत कळत नसे.

आपल्या दुसऱ्या प्रश्नातील ‘घसरण’ हा शब्द मला पटत नाही. महापौरपद ही चढत गेलेल्या जिन्याची शेवटची पायरी असते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पूर्वी ते एका वर्षाचे होते आणि आता अडीच वर्षांचे आहे. शिवाय ते कोणत्या प्रवर्गासाठी राखीव राहणार, हे मंत्रालयात निघणाऱ्या सोडतीवर ठरते. वीस वर्षे सभागृहात घालवलेला माणूस चिठ्ठी उलटी निघाल्यामुळे त्या खुर्चीपर्यंत पोहोचत नाही आणि पहिल्यांदाच निवडून आलेली व्यक्ती तिच्यावर बसू शकते. यात अन्याय आहे असे मी म्हणत नाही; आरक्षण नसते तर कित्येकांसाठी ती दारे कधी उघडलीच नसती. परंतु अशा पदावरून कोणाच्या कारकिर्दीची उंची मोजू नये. सोडतीचा फटका प्रभागालाही बसतो. प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, की फलकांवर एकाएकी ‘सौ.’ची नावे ठळक होतात आणि कामाचे फोन मात्र जुन्याच नगरसेवकाला जातात, हे आपणही पाहिले असेल.

महापौरपदानंतर खूप पुढे गेलेले लोक अर्थातच आहेत. मनोहर जोशी १९७६-७७ मध्ये मुंबईचे महापौर होते, १९९५ मध्ये मुख्यमंत्री आणि २००२ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाले. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक, १९९७ मध्ये महापौर आणि २०१४ मध्ये मुख्यमंत्री झाले. छगन भुजबळ १९८५ मध्ये मुंबईचे महापौर झाले आणि १९९१ मध्ये पुन्हा त्याच खुर्चीवर बसले. मला मात्र अशा वेळी पुण्याचे भाई वैद्य आठवतात. ते १९७४-७५ मध्ये महापौर होते. त्यानंतर आणीबाणीत तुरुंगात गेले, १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडी सरकारात गृहराज्यमंत्री झाले आणि २०१८ मध्ये निधन होईपर्यंत समान शिक्षणाच्या मागणीसाठी सभा-मोर्चांत दिसत राहिले. त्यांच्या नावामागे ‘माजी महापौर’ लागत असे खरे. पण लोक त्यांच्याकडे जात ते त्यासाठी नव्हे.

आपल्या नगरसेवकांचे मोल ठरवायचे असेल, तर त्यांचा सत्कारांचा अल्बम बाजूला ठेवून महासभेची इतिवृत्ते वाचा. नगरसचिवांच्या कार्यालयात ती असतात. माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून अर्ज केल्यास ती पाहता येतात. मी स्वतः पूर्वी अशी काही बाडे चाळली आहेत. त्यांत भाषणे कमी आणि ‘सूचक’, ‘अनुमोदक’, ‘विरोध नोंदविला’ असे कोरडे शब्दच जास्त भेटतात, पण तेच बोलके असतात. प्रश्नोत्तरांच्या तासाला कोण लेखी प्रश्न देतो, त्यांत प्रभागातील गटारे किती आणि एखाद्या भूखंडाचे आरक्षण बदलण्याचे प्रस्ताव किती, आयत्या वेळचे, म्हणजे कार्यपत्रिकेत आधी नसलेले, विषय म्हणून रात्री उशिरा काय मंजूर झाले आणि त्याला सूचक कोण होते, हे तेथे कळते. एरवी शांत बसणारे सदस्य नेमक्या कोणत्या विषयाला उठून उभे राहतात, तेही पाहावे.

आता त्या गटाराकडे वळू. ‘हातात काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर असे, की नगरसेवक म्हणून त्यांना महासभेत लेखी प्रश्न विचारता येतो, प्रभाग समितीत विषय मांडता येतो आणि छोट्या दुरुस्तीसाठी नगरसेवक निधीतून काम सुचवता येते. मुंबईबाहेर बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक असतात, त्यामुळे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून आपले पत्र एकट्या माजी महापौरांना न देता चौघांच्या नावे द्यावे, प्रत क्षेत्रीय कार्यालयात देऊन आवक क्रमांक घ्यावा, आणि हे सारे नालेसफाईच्या निविदा निघण्यापूर्वी, म्हणजे उन्हाळा सुरू होण्याआधीच करावे. जूनमध्ये गुडघाभर पाण्यात उभे राहून दिलेल्या पत्राला ‘पावसाळ्यानंतर पाहू’ हेच उत्तर मिळते.