‘वेंट ऑन टू’ आणि ‘करत राहणे’

प्रश्न : ‘गो ऑन’ म्हणजे चालू ठेवणे, असे आम्हांला शाळेत शिकवले होते. इंग्रजी चरित्रलेखांत मात्र ‘शी वेंट ऑन टू बिकम अ डॉक्टर’ अशी वाक्ये भेटतात. ‘ती डॉक्टर होत राहिली’ हा अर्थ तर जुळत नाही. मग ही रचना समजून कशी घ्यावी?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : शाळेतला अर्थ बरोबरच आहे, पण तो अर्धा आहे. ‘गो ऑन’नंतर ‘इंग’ लागलेले रूप आले, तर आधीचीच क्रिया चालू राहते. ‘टू’ आणि मूळ क्रियापद आले, तर आधीचा टप्पा मागे पडून दुसरा सुरू होतो. ‘ही वेंट ऑन टॉकिंग अबाउट द फॅमिन’ म्हणजे वक्ते दुष्काळावर बोलतच राहिले. ‘ही वेंट ऑन टू टॉक अबाउट द फॅमिन’ म्हणजे दुसरे काही सांगून झाल्यावर ते दुष्काळाकडे वळले.

चरित्रात ही दुसरी रचना येते. रखमाबाईंनी नांदायला यावे म्हणून त्यांच्या पतीने 1884 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात लावलेला दावा 1888 मध्ये तडजोडीने मिटला आणि त्यानंतर लंडनला जाऊन वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या. हा सगळा पुढचा प्रवास इंग्रजी लेखक आपल्या प्रश्नातल्या वाक्याने उरकतो. दाव्यामुळे त्या डॉक्टर झाल्या, किंवा दावा चालू असतानाच त्यांनी तसे ठरवले होते, असे त्यातून निघत नाही. कळतो तो केवळ क्रम, आणि तोही पुढचे सारे ठाऊक असलेल्या निवेदकाच्या नजरेतून.

ही रचना यशासाठीच राखीव आहे, असेही नाही. कोलकात्याच्या 2001 च्या कसोटीत भारताला फॉलोऑन देणारा ऑस्ट्रेलियाचा संघ अखेर 171 धावांनी हरला. तिथेही ‘वेंट ऑन टू लूज’ बिनदिक्कत चालते.

मराठीत यासाठी साधे ‘पुढे’ पुरते : ‘पुढे त्या डॉक्टर झाल्या.’ अलीकडे ‘पुढे जाऊन डॉक्टर बनल्या’ असे सर्रास छापून येते. त्यातल्या ‘जाऊन’वाचून काहीच अडत नाही, असे माझे मत आहे.

लिहिताना या रचनेतले ‘ऑन’ आणि ‘टू’ सुटे ठेवावेत, कारण ते जोडले की ‘च्यावर’ अशा अर्थाचे वेगळेच शब्दयोगी अव्यय तयार होते.