टन नंतर बघा, आधी ओंडके मोजा

प्रश्न : दादा, सरपणासाठी मशीन घ्यायचंय, घरचं भागवून थोडं विकायचाही विचार आहे. कापून, फोडून, पट्ट्यावरून ढिगात टाकणारं एकातच सगळं असलेलं घेऊ का नुसतं फोडायचं? विकणारा म्हणतो जास्त टनांचं, म्हणजे जास्त जोराचं घ्या, डोळे झाकून.

उत्तर : डोळे झाकून अजिबात नको, आधी टेप घेऊन ढिगाजवळ जा आणि ओंडके किती जाड, किती वाकडे ते बघा. एकातच सगळं असणाऱ्या मशीनला सरळ आणि साधारण एकसारखे ओंडके लागतात, वाकडं किंवा फांदीचं खुंट राहिलेलं लाकूड गेलं की ते आत अडकतं आणि मग पहार घेऊन झटापट, माझी अख्खी दुपार एकदा यात गेलीय. शिवाय लांब ओंडके वर चढवायला ट्रॅक्टर किंवा लोडर पाहिजे, आणि पट्ट्याखालचा ढीग हलवायला माणूस नसेल तर थोड्या वेळात मशीन बंद करून तुम्हीच फावडं घेणार. तुमचा माल वेडावाकडा आणि माणसं एक-दोन असतील तर चेनसॉ आणि वेगळं फोडायचं मशीन बरं. टनांचं म्हणाल तर सरळ धाग्याचं, मध्यम जाडीचं लाकूड 5-7 टनांच्या छोट्या इलेक्ट्रिक मशीनवरही फुटतं, जाड आणि गाठाळ कठीण लाकूड रोजचंच असेल तर 20 च्या पुढे बघा.

प्रश्न : माझ्या मशीनची पाचर गाठीत अर्धी जाऊन थांबते. पंप मोठा लावला तर जोर वाढेल ना?

उत्तर : नाही हो, मोठ्या पंपाने स्पीड वाढतो, आणि इंजिनाला तो पंप झेपला नाही तर तेही नाही. जोर येतो ऑइलचं प्रेशर आणि पाचर ढकलणाऱ्या सिलिंडरच्या आतल्या व्यासातून. 180 बार प्रेशरला 80 मिमी सिलिंडर साधारण 9 टन देतो आणि 100 मिमीचा 14 च्या वर, बघा 20 मिमीने केवढा फरक पडला! पण म्हणून रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारा) पिळून प्रेशर वाढवू नका, होज म्हणजे ऑइलची नळी फुटेल नाहीतर सील जाईल. आधी चार फाळ्यांची, एकदम चार तुकडे करणारी पाचर लावली असेल तर काढून साधी लावा, तिची धार बघा, आणि ओंडका उलटा करून गाठ पाचरीपासून लांबच्या टोकाला ठेवा. टोक तिरपं कापलेलं असेल तरी ओंडका सटकतो, ते सरळ कापून घ्या. पाचर टोकाऐवजी बाजूवर येईल असा आडवा ठेवून तर कधीच फोडू नका, एकदम उडतो. आणि होजमधून ऑइल गळतंय असं वाटलं तर हात फिरवून बघू नका, पुठ्ठा धरा, बारीक छिद्रातली धार कातडीत घुसते, टोचल्यासारखंच वाटतं पण लगेच हॉस्पिटल गाठावं लागतं.

प्रश्न : दोन्ही लिव्हर एकदम दाबून हात दुखतात. एक दोरीने बांधून ठेवलं तर? मुलगा ओंडका धरेल.

उत्तर : दोरी आधी सोडा! दुसरं लिव्हर आहेच यासाठी की तुमचे दोन्ही हात पाचरीपासून लांब राहावेत, आणि तुम्ही तर तिथे मुलाचे हात नेताय. ओंडका ठेवणाराच मशीन चालवेल, बाकीचे चार पावलं लांब. मुलाला फोडलेलं रचायला लावा, तेही काम कमी नाही. लिव्हर खरंच जड जात असेल तर सांधे गंजलेत का बघा, ग्रीसने बहुतेक वेळा हलकं होतं.

प्रश्न : ओलं फोडावं का वाळलेलं? आणि जाळायचं कधी?

उत्तर : ओलं फोडा, बहुतेक लाकूड ओलंच सहज फुटतं आणि फोडलेलं लवकर वाळतं. वरून झाकून बाजू मोकळ्या ठेवा. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली आला की जाळा, मीटर मात्र एक ढलपी नव्याने फोडून तिच्या आतल्या बाजूला लावा, वरून लावलं तर तो खोटंच दाखवणार.